सर्व्हरच्या परीक्षेला गाऱ्हाणं

…नाही, पण मला एक सांगा, माझ्याकडे काम किती होतं? एकच. अभ्यास ह्यांनी करायचा, परीक्षा ह्यांनी द्यायची, त्या लॅपटॉपसमोर ताठ मानेने ह्यांनी बसायचं, आणि मी काय करायचं, तर घरात आवाज होऊ द्यायचा नाही. बस्स. आणि तुम्हाला सांगते, कुकरची शिट्टी मी आदल्या दिवशीच काढून डब्यात टाकली होती, बेलची वायर आमच्या लेकीने, जान्हवीने सोडवून ठेवली होती, देवघरातल्या घंटेत मी कापूस कोंबला होता, देवाची माफी मागून, आणि खाली जाऊन वॉचमनला सांगून आले होते की आज भंगारवाल्याला गेटच्या आत सोडलंस तर बघ. अख्खं घर चिडीचूप. आणि एवढं करून बोललं कोण? ज्यांची परीक्षा, तेच बोलले!

पण असं मधूनच सांगून तुम्हाला काही कळायचं नाही. पहिल्यापासून सांगते.

हे म्हणजे आमचे मिस्टर, दशरथ. अंधेरीला एका कंपनीत आहेत, सर्व्हर सांभाळतात. सर्व्हर म्हणजे ती मोठी मशिनं, ज्यात सगळ्या ऑफिसचं काम साठवलेलं असतं. त्यांची एक थंडगार खोली असते, तिची किल्ली ह्यांच्याकडे. लग्न झालं तेव्हापासून मी ती किल्ली बघतेय, घराची किल्ली विसरतील पण ती नाही. मुलीच्या बारशाला मशीन बंद पडलं म्हणून पाळण्याची दोरी हातातून सोडून गेलेला माणूस आहे हा. मी म्हणायचे, अहो, त्या मशिनांना एसी आणि आम्हाला पंखा? तर म्हणायचे, अगं, ती तापली की मरतात. जसं काही आम्ही तापलो की फुलतो.

तर सगळं बरं चाललेलं, आणि कंपनीला सुचलं, की निम्मी मशिनं इथेच ठेवायची आणि निम्मं काम त्या क्लाउडवर न्यायचं. क्लाउड म्हणजे ढग नव्हे हं, मलाही आधी तसंच वाटलं होतं. क्लाउड म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी इमारतीतली मशिनं, लांब कुठेतरी, आपण भाड्याने घ्यायची. आणि ही इथली नि ती तिथली, दोन्ही मिळून एकच आहेत असं चालवायचं, त्याला म्हणतात हायब्रिड. आणि ते चालवायला सर्टिफिकेट लागतं. साहेबांनी सांगितलं, दशरथ, मार्च संपायच्या आत सर्टिफिकेट आण, नाहीतर किल्ली नितेशकडे जाईल. नितेश म्हणजे गेल्या वर्षी लागलेला पोरगा. वाईट नाही हो, गुणी आहे, पण त्याने ती परीक्षा चहा पितापिता दिली आणि वर ह्यांना म्हणाला, काका, टेन्शन नका घेऊ, इझी आहे. ते इझी ह्यांना लागलं नाही. काका लागलं.

मग सुरू झाला अभ्यास. पन्नाशी ओलांडलेला माणूस, चष्मा कपाळावर, आणि समोर व्हिडिओत तो गोरा मास्तर, तो श्वास घेतो की नाही देव जाणे, असा बोलतो! हे त्याला थांबवणार, मागे नेणार, परत थांबवणार. एक वाक्य ऐकायला एक चहा. आणि ह्यांची सवय अशी, की तोंडाने पुटपुटल्याशिवाय डोक्यात काही शिरत नाही. आंघोळ करताना पुटपुट, भाजी निवडताना पुटपुट. एकदा भाजीवाल्याने विचारलं, वहिनी, साहेबांनी दीक्षा घेतली काय?

मी दहावी पास. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण प्रश्न वाचायला कळायची काय गरज? मी पोळ्या लाटता लाटता प्रश्न विचारायचे, ते उत्तर द्यायचे, चुकलं की मी लाटणं आपटायचे. एक दिवस त्यांचं काही केल्या डोक्यात बसेना, ते सिंक की काय, इथलं नि तिथलं जुळवून ठेवायचं ते. मी म्हटलं, अहो, आपल्यासारखंच ना? आपण दहिसरला, देव गावाला. रेशनकार्ड इथे, सातबारा तिथे. निरोप वेळेवर पोचला नाही तर इथे साखरपुडा चालू आणि तिथे सुतक. तर हसले. खूप दिवसांनी हसले हो. म्हणाले, सुगंधा, त्या गोऱ्यापेक्षा तू बरी. आणि परत चुकीचंच उत्तर दिलं, ते वेगळं.

आता येते नानांकडे. कारण माझं ते एकच काम जे म्हणते ना मी, ते म्हणजे खरं तर नाना.

नाना म्हणजे माझे सासरे. कापडाच्या गिरणीत साच्यावर होते, साचा म्हणजे कापड विणायचं मशीन. शेकडो साचे एकदम धडधडणार, त्या आवाजात उभा जन्म गेला. त्यामुळे दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे कान गेले, आणि कान गेले म्हणून आवाज वाढला. नाना हळू बोलूच शकत नाहीत. कानात सांगतो म्हणून सांगतात ते खालच्या मजल्यावर ऐकू जातं. आणि दुसरं म्हणजे, त्या धडधडीत गिरणीतली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलायची. त्यामुळे नानांना कान नसले तरी तुमचे ओठ हलले की सगळं कळतं. कळायचं, म्हणजे. आता कळतं पण राहत नाही. दोन वर्षांपासून त्यांना विसरायला होतंय. आधी चष्मा विसरले, मग जेवलो की नाही ते विसरले, मग आम्हाला.

मला ते अबोली म्हणतात. अबोली म्हणजे माझी धाकटी नणंद, असते चेंबूरला, वर्षातून दोनदा येते आणि नानांनी तिला ओळखलं नाही की मलाच म्हणते, वहिनी, तुम्ही त्यांना सारखं आठवण करून देत जा ना. जाऊ दे. मला काही वाटत नाही, सून काय नि लेक काय. पण ह्यांना ते जयवंत म्हणतात. जयवंत म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. आणि भावोजी जाऊन वर्षं झाली हो. तरणेताठे गेले. सुरुवातीला हे सांगायचे, नाना, मी दशरथ. मग नाना विचारायचे, मगे जयवंत खंय हा, म्हणजे कुठे आहे? आता काय सांगणार? एकदा खरं सांगितलं. तर नाना असे रडले, असे रडले, जसं आत्ताच कुणी येऊन सांगितलंय. त्यांच्यासाठी आत्ताच होतं ना ते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत, जयवंत खंय हा? तेव्हापासून हे जयवंतच झाले. जयवंता, चाय. इलंय नाना, म्हणजे आलो. जयवंता, पंखो लाव. लावतंय नाना. भावोजींचा हार घातलेला फोटो हॉलमध्ये होता, तो काढून आम्ही आमच्या बेडरूममध्ये लावला, नानांच्या नजरेला पडू नये म्हणून. स्वतःच्या घरात माणूस स्वतःचं नाव बाहेर काढून ठेवतो, चपलेसारखं, आणि आत येतो. मी ते बघत होते.

तर परीक्षा. सेंटरवर जाऊन द्यायची तर मार्चअखेर जागाच नाही. मग जान्हवी म्हणाली, बाबा, घरूनच द्या, ऑनलाइन. मला वाटलं किती छान, घरच्या घरी, मध्येच सरबत नेऊन देईन. कसलं सरबत! नियम ऐकाल तर तुम्ही परीक्षाच सोडाल. खोलीत एकटंच बसायचं, दार बंद. दुसरं माणूस आत दिसलं, परीक्षा रद्द. कॅमेऱ्यातून एक पहारेकरी सतत बघत बसणार, तो आपल्याला दिसत नाही. उठायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही, आणि बोलायचं नाही. पुटपुटायचंसुद्धा नाही! पुटपुटल्याशिवाय ज्याला स्वतःचा पत्ता आठवत नाही, त्याला म्हणतात पुटपुटू नका. तर ह्यांनी आठवडाभर जिभेखाली लवंग धरून सराव केला. जीभ बधिर झाली, उत्तरं गेली, पण पुटपुट थांबली.

आणि नानांचं ठरवून ठेवलं होतं मी. आमच्या मजल्यावर समोरच सुंदराबाई राहतात, नानांना त्यांच्याकडे बसवायचं, त्यांचा टीव्ही मोठा आहे. परीक्षेच्या दिवशी सकाळी ह्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर दही दिलं, नानांना आवरून, टोपी घालून, हाताला धरून समोर नेलं, तर दाराला कुलूप! सुंदराबाईंची बहीण माहुलला, तिला सकाळीच दवाखान्यात न्यायला लागलं, त्या गेल्या धावत. त्यांचं तरी काय चुकलं? म्हटलं, खाली बागेत नेते. तर लिफ्ट बंद. अकरावा मजला आणि नानांचे गुडघे. वाट लागली म्हणजे काय ते मला त्या जिन्यात उभं राहून कळलं. जान्हवी ऑफिसला गेलेली. आले परत. नानांना हॉलमध्ये दिवाणावर बसवलं, हातात शेंगा दिल्या सोलायला. शेंगा सोलताना ते कधी बोलत नाहीत. एकच काम होतं माझं, आणि अजूनपर्यंत ते नीट चाललं होतं.

आत बेडरूममध्ये हे बसले. दार बंद. परीक्षा अगदी सुरूच व्हायची होती, तर दार थोडंसं उघडलं आणि ह्यांचा हात बाहेर आला, नुसता हात, आणि हातात भावोजींचा फोटो. पहारेकऱ्याने कॅमेऱ्यातून खोली बघितली, म्हणाला, भिंतीवर माणूस आहे, काढा. अहो, तो माणूस नाही, फोटो आहे, गेलेल्याचा! पण चेहरा चालत नाही म्हणे, कॅमेरा गोंधळतो, दोन माणसं मोजतो. मी पटकन घेतला, दार लागलं, मी वळले… आणि नाना माझ्याकडेच बघत होते.

पदराखाली घेतला मी तो. पण एवढी मोठी चौकट, चंदनाचा हार बाहेर लोंबतोय. नानांनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि हात पुढे केला. आता मी काय करायचं होतं, तुम्हीच सांगा? नाही म्हटलं असतं तर ओरडले असते. आत परीक्षा सुरू झालेली. दिला मी फोटो त्यांच्या हातात.

त्यांनी फोटो जवळ धरला. हाराला बोट लावलं. आणि नवल बघा, ज्या माणसाला हळू बोलता येत नाही, तो हळू बोलला. म्हणाले,

"ह्यो कधी गेलो?"

मला बोलायचं नव्हतं ना! मी नुसता हात हलवला, असा मागे, खूप मागे, खूप वर्षं झाली म्हणून. त्यांनी मान हलवली. रडले नाहीत ह्या वेळी. मला वाटलं संपलं, आता विसरतील, नेहमीसारखं विसरू दे रे देवा, आजच्या दिवस लवकर विसरू दे, असलं काहीतरी मागत होते मी. तर त्यांनी बेडरूमच्या बंद दाराकडे बोट केलं. म्हणजे, हा जर जयवंत, तर आत कोण आहे?

आणि मी ओठ हलवले. नुसते ओठ, आवाज नाही, शपथेवर सांगते. दशरथ, असे. परीक्षा आहे, असे. अहो, गिरणीतला माणूस तो! लख्ख वाचलं त्यांनी. चेहरा असा उजळला, जसं कुणीतरी आत दिवा लावला, आणि टोपी सारखी करून, दिवाणाला धरून नाना उभे राहिले. दोन्ही हात जोडले. आणि कोकणातला म्हातारा टोपी सारखी करून हात जोडून उभा राहिला की पुढे काय येतं ते मला माहीत होतं.

तुम्हाला गाऱ्हाणं माहीत नसेल तर सांगते. आमच्याकडे कुठलंही मोठं काम असलं, लग्न, पेरणी, बोर्डाची परीक्षा, की घरातला वडीलधारा देवासमोर उभा राहून मोठ्या आवाजात देवाला सांगतो, बाबा रे, असं असं आहे, सांभाळ. आणि प्रत्येक वाक्याला बाकी सगळ्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. म्हणायचंच. कुणी व्हय म्हटलं नाही तर गाऱ्हाणं पुढे सरकत नाही, तिथेच अडकतं. ह्यांच्या प्रत्येक परीक्षेला नानांनी ते घातलेलं, आपल्या झिलासाठी, म्हणजे मुलासाठी.

"बा देवा रवळनाथा," नानांनी सुरू केलं, पुऱ्या गिरणीच्या आवाजात, "ह्यो माझो झील दशरथ आज परीक्षेक बसलो हा, म्हाराजा…"

आणि थांबले. व्हय कोण म्हणणार? मी तोंडावर हात धरून उभी. नाना माझ्याकडे बघतायत. मी मान हलवतेय, हात जोडतेय, नाना, नको. त्यांना वाटलं मला ऐकू गेलं नसेल. परत म्हणाले, आणखी मोठ्याने, माझो झील दशरथ, म्हाराजा. आणि परत थांबले. मी तुम्हाला सांगते, कुकरची शिट्टी चालली असती, भंगारवाला चालला असता, पण ती शांतता… त्या म्हाताऱ्याचे हात जोडलेले ते तसेच, आणि त्याला व्हय म्हणायला घरात कुणी नव्हतं.

आणि बंद दाराआडून आवाज आला, नानांच्या कानांनाही पोचेल एवढा मोठा. "व्हय म्हाराजा."

तिथून पुढे मग नाना काय थांबतात! तेका बुद्धी दी, म्हाराजा. आतून व्हय म्हाराजा. कोणाची वाकडी नजर पडली आसात तर ती दूर कर, म्हाराजा. व्हय म्हाराजा. आनी तेची नोकरी तेच्याकडेच रवांदे रे, म्हाराजा! आणि ह्यांचा व्हय असा खणखणीत, की खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी खिडकी उघडली. मी आपली भिंतीला टेकून उभी. नोकरी राहू दे म्हणून बाप देवाला सांगतोय आणि त्या प्रत्येक व्हयबरोबर ती जातेय, हे त्या घरात फक्त मला कळत होतं. मला आणि ह्यांना.

दार उघडून हे बाहेर आले. लॅपटॉप बंद करून आले होते. मला वाटलं ओरडतील, ओरडले असते तर बरं वाटलं असतं. तर सरळ नानांच्या पाया पडले. नानांनी डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, दशरथा, पेपर बरो गेलो मा? हे म्हणाले, बरो गेलो, नाना.

मी स्वयंपाकघरात गाठलं त्यांना. म्हटलं, अहो, सवयीने गेलं ना तोंडातून? आपण तसं सांगू त्यांना, सवय आहे म्हणून. तर पाणी पितापिता म्हणाले, "पहिलं सवयीने गेलं गं. त्याने ताकीद दिली, परत बोललात तर बंद. दुसरं मी म्हटलं." म्हटलं, का पण? भांडं खाली ठेवलं त्यांनी. म्हणाले, "नाव घेतलं गं त्यांनी माझं."

मी ते भांडं परत भरून त्यांच्या हातात दिलं.

एप्रिलपासून किल्ली नितेशकडे गेली. ह्यांना स्टोअरमध्ये दिलंय, जुनी मशिनं भंगारात जायची असतात, त्यांची नोंद करतात. पगार तोच आहे म्हणतात, पुढचं पुढे. संध्याकाळी लवकर घरी येतात आता. खिशाला हात लावून बघतात अजून, किल्ली आहे का ते, आणि मग हात तसाच खिशात ठेवून उभे राहतात. पुटपुटणंही थांबलं. भाजी नुसतीच निवडतात. घर शांत आहे हो एकदम. माझं एकच काम होतं, ते आता आपोआप होतं.

आणि परवा त्या परीक्षावाल्यांचा मेल आला. जान्हवीने वाचून दाखवला. परीक्षार्थी परीक्षेदरम्यान अनोळखी तिसऱ्या व्यक्तीशी बोलत होता, म्हणून परीक्षा रद्द. मात्र ती व्यक्ती कोण, याचा योग्य खुलासा केल्यास फेरविचार करू. जान्हवी एवढी खूश झाली, म्हणाली, बाबा, चान्स आहे, सर्टिफिकेट मिळालं तर किल्ली परत मागता येईल! लगेच लॅपटॉप घेऊन बसली, काय काय लिहायचं, वय, आजार, डॉक्टरांचा कागद. मीही म्हटलं, लिही बाई, लिही, अनोळखी कसली, सख्खे वडील आहेत म्हणावं. हे बाजूला बसून ऐकत होते. त्यांच्याही चेहऱ्यावर जरा काहीतरी आलं होतं, मी बघितलं.

तेवढ्यात हॉलमधून नानांची हाक आली. अकरा मजले हलले. "जयवंता, अरे जयवंता, चाय झाली काय रे?"

हे उठले. इलंय नाना, म्हणाले. आणि चहाचा कप उचलून जाता जाता जान्हवीला म्हणाले, "राहू दे गं. अनोळखीच आहे, तसंच राहू दे."